पाय कुठं हाय ते बघ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा मराठीच्या बाईंचा फोन आला तेव्हा आमची रत्नागिरी गाडी साखरप्याला चहासाठी थांबली होती. आंबा घाट नुकताच उतरलो होतो. ४४ सीटच्या गाडीत पंधरा-सोळा जण उभे होते आणि घाटात माझी तिकिटं काढणं चालूच होतं. कंडक्टरच्या एका हातात मशीन असतं, दुसऱ्यात पैसे. धरायला तिसरा हात नसतो. त्यामुळे काय लिहायचं हा प्रश्न मला पडलाच नाही. मी आज जिच्यावर उभी आहे ती गोष्ट शाळेच्या मागच्या पटांगणात शिकले.

१९९४ साली मी सहावीत होते. पी.टी.च्या सरांनी पेठेतल्या तालमीतल्या एका वस्तादांना मर्दानी खेळ शिकवायला शाळेत आणलं. पहिल्या दिवशी चाळीसेक मुलं आणि आम्ही चौघी मुली गेलो. लाठी, फरी-गदगा (ढाल आणि आखूड काठी), विटा (दोरी बांधलेला भाला), दांडपट्टा असं सगळं शिवजयंतीच्या मिरवणुकीत लांबून पाहिलेलं होतं. ते आता हातात मिळणार म्हणून जीव उड्या मारत होता. वस्तादांनी काठीला हात लावू दिला नाही. फक्कीनं जमिनीवर एक गोल आखला आणि त्यात पवित्र्यावर चालायला लावलं. दोन महिने फक्त चालणं! गुडघे सैल, कंबर खाली, पुढचा पाय टाकण्याआधी मागचा रोवलेला. कुणी हात हलवायला लागलं की वस्ताद म्हणायचे, "हात नंतर. आधी पाय कुठं हाय ते बघ."

वर्तमानपत्रात 'आक्रमक पवित्रा घेतला' असं वाचलं की मला थोडं वाईट वाटतं. पवित्रा म्हणजे राग नव्हे. पवित्रा म्हणजे पाय कसे ठेवलेत ते, एवढंच. आणि ते 'एवढंच' केवढं मोठं आहे ते मला एस.टी.त कळलं. ब्रेक लागला की माणूस पुढे जातो, म्हणून एक पाय पुढे, एक मागे हवा. वळणावर माणूस बाजूला फेकला जातो, म्हणून पाय रुंद हवेत. पवित्र्यात पाय तिरके असतात, पुढे-मागेही आणि रुंदही, त्यामुळे दोन्हीकडचा धक्का गुडघ्यात जिरतो. नोकरीला लागले तेव्हा जुने कंडक्टर म्हणाले, सहा महिने आदळशील, मग सवय होईल. मी पहिल्या दिवशी फोंडा घाटात उभी राहिले ती उभीच राहिले. पायांना सगळं आठवत होतं.

आता एक गोष्ट लिहिते, ती आजवर कुठे लिहिली नव्हती. आठवीत माझी काठी चांगली फिरायला लागली होती. कानाएवढ्या उंचीची काठी, दोन्ही हातांनी फिरवली की वारा कापल्याचा आवाज यायचा. त्या आवाजाची मला नशा चढली होती. एका संध्याकाळी सलामी न करता, आजूबाजूला न बघता मी काठी सुरू केली. माझ्या मागे मैत्रीण बुटाची नाडी बांधत बसली होती. तिच्या कपाळाला तीन टाके पडले. वस्ताद मला एक शब्दही बोलले नाहीत. महिनाभर काठी काढून घेतली आणि रोज गोलाच्या मधोमध उभं केलं. चारी बाजूंनी मुलं काठ्या फिरवायची, मी हलायचं नाही. काठीचं टोक कुठवर येतं, मुलाची नजर कुठे आहे, त्याचा पाय घसरतोय का, सगळं त्या महिन्यात मला दुसऱ्या बाजूनं दिसलं. काठी हातात असताना ती आपल्या हातापुरती वाटते. खरं तर ती गोलाच्या कडेपर्यंत असते.

मैत्रिणीनं मला केव्हाच माफ केलं. तिच्या कपाळावरची खूण मात्र अजून आहे, आणि म्हणून गाडीचं दार मी कधीही नुसतं ओढत नाही. आधी बिजागरीकडे बघते. तिथे लहान पोरांची बोटं असतात. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून लेकरं कडेवर घेऊन माहेरी निघालेल्या बाया कितीतरी वाढल्या. मला त्याचा मनापासून आनंद आहे, आणि दारापाशी बोटंही वाढली. सगळीकडे नजर फिरल्याशिवाय माझी डबल बेल जात नाही.

दांडपट्टा नववीत मिळाला. खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या लोखंडी आवरणात, कोपरापर्यंत हात जातो आणि आतली आडवी मूठ धरली की मनगट वळत नाही. पुढे चार फुटांचं पातं. तलवारीचा वार शेवटच्या क्षणी मनगटानं थोडा वळवता येतो, पट्ट्यात ती सोय नाही. खांदा आणि पाय यांनी आधीच ठरवावं लागतं. प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांवर आलेला वार जिवा महालांनी रोखला, ती गोष्ट सांगताना वस्ताद पराक्रमावर थांबायचे नाहीत. ते विचारायचे, "वेळेवर पोचला कसा? हालायच्या आधीपासनं बघत हुता म्हणून."

लोक मला विचारतात, पट्टा शिकलीस, मग गाडीत कुणाला हिसका दाखवलास का? १७ वर्षांत मी एकाही माणसावर हात उचललेला नाही. कामाला आला तो फरी-गदगा. त्यात रागावलेल्या गड्याची फरी आपोआप खाली येते आणि गदगा नेमका तिथेच बसतो. हे मी अंगावर वळ घेऊन शिकले. एकदा दोन रुपये सुट्टे नव्हते म्हणून एक प्रवासी माझ्या आईवरून बोलला. सगळी गाडी बघत होती. मी अर्धं पाऊल मागे घेतलं, त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर, आणि नजर त्याच्या खांद्यावर ठेवली. आवाज खाली आणून म्हणाले, "दादा, मलकापूरला सुट्टे करून देते." आतून मी थरथरत होते, पण फरी वर होती. मलकापूरला त्याला दोन रुपये दिले. त्यानं ते मुकाट्यानं घेतले आणि तो उतरला.

वस्ताद आज नाहीत. कंडक्टरच्या पोषाखात त्यांना भेटायचं राहून गेलं, ही खंत आहे.

गेल्या महिन्यात महोत्सवाच्या बैठकीला शाळेत आले तेव्हा सरांनी खेळाच्या सामानाची खोली उघडून दाखवली. कोपऱ्यात आमच्या वेळच्या काठ्या होत्या, टोकं फुटू नयेत म्हणून तारेनं बांधलेल्या. पाचवी-सहावीतल्या दोन-तीन मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. "बाई, फिरवून दाखवा की," असं त्यांच्यातली एक म्हणाली. मी काठी घेऊन पटांगणात आले, वाकून जमिनीला हात लावला आणि त्यांना म्हणाले, "आधी तिकडं लांब, लिंबाच्या झाडापाशी जाऊन उभ्या राहा." त्या पोचेपर्यंत मी थांबले, मग मागे वळून पाहिलं.