पीसीआर येईना, आणि कारण निघालं मॅग्नेशियम! (माझा अनुभव)

एमएस्सीच्या शेवटच्या सेमला प्रोजेक्ट होता केळीच्या पानातून डीएनए काढून पीसीआर करायचा, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती बनवायच्या. गाव रावेर तालुक्यात, पानं घरच्याच बागेतली, सकाळच्या गाडीनं थर्माकोलच्या डब्यात बर्फात घालून जळगावला न्यायचे. डीएनए निघाला पण फार कमी, म्हणून मी २५ मायक्रोलिटरच्या रिअॅक्शनमध्ये १० मायक्रोलिटर डीएनएच टाकला, म्हटलं जास्त टाकला की जेलवर त्या प्रतींचा पट्टा, म्हणजे बँड, जाड येईल. जेल यूव्हीवर ठेवला तर लॅडर (तुकड्यांची लांबी मोजायची पट्टी) लख्ख, कंट्रोलचा बँड पण आलेला, आणि माझ्या चारही लेन कोऱ्या. तीन आठवडे असंच चाललं, रडू यायचं.

मॅडमनी एकच विचारलं, डीएनए कशात विरघळवलाय? मी म्हटलं, टीई बफरमध्ये, म्हणजे डीएनए साठवायच्या द्रावणात. त्यात १ मिलिमोलर ईडीटीए, म्हणजे माझ्या ट्यूबमध्ये ०.४, आणि ते मॅग्नेशियम पकडून बसतं. चारही डीएनटीपी (प्रत बनवायला लागणारे सुटे न्यूक्लिओटाइड) मिळून ०.८, तेही मॅग्नेशियमला चिकटतात. एकूण मॅग्नेशियम १.५ मिलिमोलर, मग मोकळं उरलं जेमतेम ०.३!

तेव्हा कुठे पॉलिमरेज, म्हणजे डीएनएची प्रत बनवणारं एन्झाइम, खरं समजलं. त्याला दोन मॅग्नेशियम लागतात, एक प्रायमरच्या (जिथून प्रत सुरू होते त्या छोट्या तुकड्याच्या) टोकावरच्या ३' ओएच गटाला तयार करतं म्हणजे तो ऑक्सिजन नव्या न्यूक्लिओटाइडच्या पहिल्या फॉस्फेटवर जाऊन जोडला जातो, दुसरं न्यूक्लिओटाइडसोबतच आत येतं आणि बाकीचे दोन फॉस्फेट पायरोफॉस्फेट म्हणून सुटताना सांभाळतं. आणि निवड कशी, तर डीएनएच्या अक्षरांच्या ए-टी आणि जी-सी या दोन्ही जोड्यांचा आकार जवळपास सारखाच, योग्य जोडी बसली की एन्झाइमची "बोटं" मिटतात, चुकीची असली तर नीट मिटतच नाहीत, बहुतेक वेळा तो चुकीचा न्यूक्लिओटाइड जोडला जाण्याआधीच निघून जातो. मला हे फार सुंदर वाटतं, नुसते हायड्रोजन बंध मोजून नाही तर आकारावरून ओळख!

मग मी घाईत मॅग्नेशियम थेट ४ केलं. बँड आले, पण नको तितके, कारण मॅग्नेशियम जास्त झालं की प्रायमर चुकीच्या जागीही टिकून राहतो आणि टॅकची (आम्ही वापरलेल्या पॉलिमरेजची) निवडही सैल होते, त्यात टॅकला चूक मागे जाऊन कापायची सोय नाही.

शेवटी डीएनए परत अल्कोहोलनं खाली बसवला, थोड्याच पाण्यात विरघळवला, २ मायक्रोलिटर टाकला, मॅग्नेशियम १.५ च ठेवलं. एकच बँड, हवा तिथेच. लगेच फोटो पप्पांना पाठवला, त्यांनी विचारलं, "ही आपल्याच बागेतली ना?"