विरजण की लिंबू?

इटलीतल्या तोरिनोत, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातल्या तुरीनमध्ये, येऊन महिनाही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. घरी पिझ्झा करायचा म्हणून सुपरमार्केटमधलं सगळ्यात महाग मोझरेला चीज आणलं, म्हशीच्या दुधाचं. बारा मिनिटांनी ओव्हन उघडला तर ट्रेमध्ये पातळ पिठलं आणि त्यात पोहणारे टोमॅटो.

तळमजल्यावरच्या आजी मूळच्या कासेर्ताच्या, म्हणजे या म्हशीच्या मोझरेलाच्या माहेरच्याच. त्या आधी पोटभर हसल्या आणि मग म्हणाल्या, ते कच्चं खायचं असतं गं, भाजायचं नसतं. नेपल्समधल्या लाकडाच्या भट्टीत साडेचारशे अंशांच्या वर पिझ्झा मिनिट-दीड मिनिटात होतो, त्यामुळे चीजला पाणी सोडायला सवडच मिळत नाही. आपल्या घरच्या अडीचशे अंशांच्या ओव्हनमध्ये ते निवांत रडत बसतं. पिझ्झासाठी गाईच्या दुधाचं घ्यायचं, पट्ट्या कापून चाळणीत टाकायचं आणि दोन-तीन तास फ्रिजमध्ये निथळू द्यायचं. नाहीतर सरळ ‘पेर पीत्सा’ लिहिलेली कोरडी वडी आणायची. किसलेल्या पाकिटांबद्दल आजी बोलतही नाहीत. ते चिकटू नये म्हणून त्यात स्टार्च घातलेला असतो, एवढं सांगून मीही पुढे जाते.

खरेदीचा खरा धडा मात्र मला आईने दिला. गेल्या उन्हाळ्यात ती साताऱ्याहून आली. दुकानातल्या फ्रिजसमोर उभी राहून तिने आधी मागच्या रांगेत हात घातला. दुधाच्या पिशव्या घेताना घालते तसाच, शेवटची तारीख लांबची असलेलं पाकीट काढायला. मग एक पिशवी फुगलेली दिसली ती बाजूला ठेवली. मग मला म्हणाली, “वाच, काय काय घातलंय ते.”

मी वाचलं. पहिल्या पाकिटावर दूध, मीठ, काल्यो आणि ‘आचिदो चित्रिको’, म्हणजे सायट्रिक ॲसिड. दुसऱ्यावर दूध, मीठ, काल्यो आणि ‘फेर्मेंती लात्तीची’, म्हणजे दुधात वाढणारे जिवाणू.

“म्हणजे या दुसऱ्याला विरजण लावलंय आणि त्या पहिल्यात लिंबू पिळलंय,” आई म्हणाली.

मी इतकी वर्षं इथे राहून हे इतकं नेमकं कुणाकडून ऐकलं नव्हतं. दूध आंबट झाल्याशिवाय चीजला तार सुटत नाही. विरजणाने ते आंबायला काही तास लागतात आणि त्या वेळात चव येते. सायट्रिक ॲसिडने काम पटकन उरकतं. ते खाण्यात काही वाईट नाही, पिझ्झावर तर फरक कळतही नाही, पण नुसतं खाल्लं की रबराची आठवण येते. मग ते आंबलेलं, घट्ट झालेलं दूध गरम पाण्यात घालून ओढतात, लांबवतात आणि अंगठा नि तर्जनीत धरून गोळा तोडतात. इटालियनमध्ये छाटण्याला ‘मोत्सारे’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. म्हणून आपण म्हणतो ते मोझरेला इथे कुणाला कळत नाही, ‘मोत्सारेल्ला’ म्हणावं लागतं.

मग तिची नजर म्हशीच्या मोझरेलाकडे गेली. “पांढरंफेक आहे. म्हशीचंच असणार, गाईचं थोडं पिवळसर दिसतं.” पिशवीवर लाल सूर्य आणि त्यात म्हशीचं डोकं, शेजारी युरोपचा डीओपीचा, म्हणजे मूळ प्रदेशाचं नाव राखणारा, गोल शिक्का. ‘मोत्सारेल्ला दी बुफाला काम्पाना’ला हे संरक्षण 1996 साली मिळालं. ते ठरलेल्या भागातच करायचं आणि दूध शंभर टक्के तिथल्या म्हशींचंच हवं. नुसतं ‘कोन लात्ते दी बुफाला’, म्हणजे ‘म्हशीच्या दुधासह’, लिहिलं असेल तर म्हशीच्या दुधात दुसरं दूध मिसळलेलं असू शकतं. घटकांत ‘सिएरो इन्नेस्तो’ होतं, म्हणजे आदल्या दिवशीच्या चीजचं राखून ठेवलेलं पाणी. आई खूश. कालचं विरजण आज लावायचं, हे तर आपलंच.

आणि मग मला काल्योचा अर्थ सांगावा लागला. काल्यो म्हणजे रेनेट, दूध घट्ट करणारा पदार्थ. या डीओपी चीजच्या नियमात तो वासराच्याच पोटातला लागतो. आईने पिशवी जागेवर ठेवली. तिचा हात जरा जास्तच हळू होता, असं मला वाटलं. आपल्याकडच्यासारखा हिरवा ठिपका इथे नसतो आणि नुसतं ‘काल्यो’ लिहिलं असेल तर तो कशाचा, हे कळायला मार्ग नाही. म्हणून मग ‘काल्यो मिक्रोबिको’ची, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटची, शोधाशोध. चौथ्या पाकिटावर सापडलं. गाईचं, विरजण लावलेलं. 2017 पासून दुधाचा देशही छापावा लागतो, तो इटली. हा देश मी बघतेच. 2010 च्या जूनमध्ये आमच्याच शहरात जर्मनीत बनलेले सत्तर हजार गोळे जप्त झाले होते, कारण पिशवी उघडल्यावर ते निळे पडत होते. स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूंचा तो उद्योग. आजी अजून ती गोष्ट कालच घडल्यासारखी सांगतात.

वजन मात्र पाणी वगळून बघायचं, ‘पेसो स्गोच्चोलातो’. गोळा सव्वाशे ग्रॅमचाच असतो, बाकी पिशवी पाण्याने जड.

घरी येऊन, आजींनी शिकवल्याप्रमाणे, बंद पिशवी कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवली. गार मोझरेलाला चव लागत नाही. सुरी फिरवल्यावर दुधाचा थेंब बाहेर आला आणि आत पापुद्रे दिसले, तेव्हा आईने मान डोलावली. टोमॅटो, मीठ आणि तिने सोबत आणलेली जिरेपूड.

पिशवीतलं पाणी मी बेसिनमध्ये ओतणार होते, तर तिने वाटी पुढे केली. रात्री त्यात कणीक मळली. पोळ्या मऊ झाल्या, जरा खारट.