सोऱ्याचा ग्राफ काढताना गेलेली तीन प्रॅक्टिकल्स

एफवायला आम्हाला पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे सोरा, कुठल्या तापमानाला पाण्यात किती विरघळतो त्याचा ग्राफ काढायचा होता. वाचून वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे, मला तीन प्रॅक्टिकल्स लागली.

कृती सोपी आहे, 8 ग्रॅम सोरा मोठ्या टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचा, 10 मिली पाणी घालायचं, गरम पाण्याच्या बीकरमध्ये धरून सगळा विरघळवायचा आणि मग बाहेर काढून थंड होताना पहिला कण दिसला की तापमान लिहायचं. पाणी घालून हलवलं तशी ट्यूब एकदम गार पडली, बाहेरून दव धरलं. सोरा विरघळताना उष्णता ओढून घेतो, म्हणूनच पाणी तापवलं की तो इतका जास्त विरघळतो, हे मला पुस्तकापेक्षा त्या गार ट्यूबने जास्त नीट समजावलं.

टेबलात 40 अंशाला 100 ग्रॅम पाण्यात साधारण 64 ग्रॅम आणि 50 ला 85 च्या आसपास असं होतं, माझं 10 मिलीत 8 ग्रॅम म्हणजे 100 ला 80, त्यामुळे उत्तर 47-48 यायला हवं, पण आलं 41. मी ट्यूब स्टँडला लावून नुसती बघत बसले होते, ढवळलंच नाही, त्यामुळे पाणी गार होत गेलं तरी सोरा विरघळलेलाच राहिला आणि मग एका क्षणात अख्खी ट्यूब पांढऱ्या सुयांनी भरली, वर थर्मामीटर दोन अंश चढला कारण स्फटिक होताना तीच उष्णता परत बाहेर पडते. इतकं सुंदर दिसलं की रीडिंग चुकल्याचं वाईटही वाटलं नाही.

दुसऱ्या वेळी 53. मॅडमनी ट्यूब बघून एवढंच विचारलं, "पाणी गेलं कुठे तुझं?" खूप वेळ तापवल्यामुळे एक मिली तरी उडून गेलं होतं.

तिसऱ्या वेळी तोंडावर कापूस लावला, काचेच्या कांडीने सतत ढवळलं (थर्मामीटरने अजिबात ढवळू नका, बल्ब फुटतो), आणि 48 आलं! मग पाणी 2-2 मिली वाढवत 41, 36, 33. पुढे गाडी अडली कारण मुंबईच्या मे महिन्यात लॅबच 31 अंशावर, शेवटी लॅबमधल्या मामांनी बर्फ आणून दिला तेव्हा 20 मिलीला 26 मिळाले.

साध्या मिठाचं मात्र वेगळंच आहे, 0 अंशाला 100 ग्रॅम पाण्यात 35.7 ग्रॅम आणि 100 अंशाला जेमतेम 39, रेषा जवळजवळ आडवीच. भांडुपच्या मिठागरात आजोबा कामाला होते, आजी नेहमी म्हणते पाऊस गेला की ऊन-वारा लागतो तेव्हा मीठ धरतं, ते का हे आता कळलं. गार करून मीठ जवळजवळ निघतच नाही, पाणीच उडवावं लागतं, आणि समुद्राच्या लिटरभर पाण्यात क्षार साधारण 35 ग्रॅमच असल्याने दहातले नऊ भाग पाणी गेल्याशिवाय मीठ दिसत नाही.

घरी येऊन उकळत्या पाण्यात मावेल तितकं मीठ विरघळवलं, अर्धं ग्लासात फ्रीजमध्ये, अर्धं ताटलीत गॅलरीत उन्हात. सकाळी ग्लासाच्या तळाशी चिमूटभर होतं. ताटली संध्याकाळपर्यंत कोरडी झाली, भरून छोटे चौकोनी खडे, आजीने एक बोटावर घेऊन उजेडात धरला आणि म्हणाली, "हे बघ, आपलं आगरातलं असंच असायचं, फक्त मोठं."