तुमची इकिगाई कुठली?

पुण्यात जपानी शिकवतो म्हटलं की हा प्रश्न येतोच. लग्नाच्या पंगतीत, बँकेत; परवा तर दाताच्या डॉक्टरांनी मी आ वासलेला असताना विचारलं. पाठोपाठ मोबाइलवर ती चार वर्तुळं: आवडतं ते, जमतं ते, जगाला हवं ते, पैसे मिळतात ते. मधोमध इकिगाई, म्हणजे जगण्याला मोल देणारी गोष्ट.

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो. ती वर्तुळं जपानी नाहीत. आकृती आन्द्रेस सुसुनागा या स्पॅनिश माणसाची, तिच्या मध्यभागी 'हेतू' होता. २०१४ मध्ये मार्क विन या ब्लॉगरनी तो खोडून 'इकिगाई' लिहिलं. जपानीत 'इकि' म्हणजे जगणं, 'काई' म्हणजे मोल. त्यात पगार कुठे आला? मिएको कामिया या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६६ साली इकिगाईवर पुस्तक लिहिलं, ते जपानमधल्या नागाशिमा बेटावर कुष्ठरुग्णांत काम केल्यावर. त्या रुग्णांना कोण मोबदला देणार होतं?

हे ठाऊक असूनही कंपन्यांत मी हीच वर्तुळं काढून मानधन घेतलंय. घरभाडं थांबत नाही हो.

आई गेली त्या पावसाळ्यात बाबा नुसते बसून असायचे. "आता राम नाही उरला रे," म्हणाले. मी शहाणा. वाटी उपडी ठेवून कागदावर चार वर्तुळं काढली, पेन हातात दिलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पेन्शनचा फॉर्म भरावा तसं मन लावून भरायला घेतलं. पहिल्यात 'चहा'. दुसऱ्यातही 'चहा'. 'जगाला हवं ते'पाशी बराच वेळ थांबले, कोरंच सोडलं. पैशांच्या वर्तुळात आडवी रेघ मारली, लागू नसलेल्या रकान्यात मारतात तशी. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "नापास ना?"

मी हसण्यावारी नेलं. काय बोलायला हवं होतं, ते अजून सुचलेलं नाही.

ते आजही सहाला दोन कपांचंच आधण ठेवतात. दुसरा मी पितो. मला चहा आवडत नाही. याला इकिगाई म्हणायचं की सवय?

आणि तरीही, माझ्या एका विद्यार्थिनीनं तीच वर्तुळं भरून नोकरी सोडली, आता मजेत आहे. तिला कुठल्या तोंडानं खोटं म्हणू?

गुरुवारी एका कंपनीत कार्यक्रम आहे. त्यांनी वर्तुळांची स्लाइड मागितलीय. पाठवलेली नाही. नाही असंही कळवलेलं नाही.