वाळलेला मासा कुठे गेला?

फिलिप पुलमनचं 'नॉर्दर्न लाइट्स' ज्यांनी वाचलंय, त्यांना मी कुठल्या माशाबद्दल बोलतेय ते लगेच कळेल. ज्यांनी वाचलं नाही त्यांनी आधी पुस्तक वाचून घ्या, कारण गोष्टीतलं बरंच काही मी इथे फोडणार आहे.

कादंबरीची नायिका लायरा, तिच्या जगात माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात शरीराबाहेर वावरतो. त्याला डीमन म्हणतात. लहान मुलांचे डीमन घडीघडीला रूप बदलतात आणि मूल वयात आलं की एका रूपावर स्थिरावतात. माणूस आणि डीमन एकमेकांपासून फार लांब जाऊ शकत नाहीत. ताणून पाहिलं तर दोघांच्याही जिवाची तगमग होते. दुसऱ्याच्या डीमनला हात लावायचं तर कुणी मनातही आणत नाही. पुलमन हे सगळं समजावत बसत नाही. पहिल्याच वाक्यात लायरा आणि तिचा डीमन काळोख पडत चाललेल्या हॉलमधून चाललेले असतात, आणि आपणही मुकाट त्यांच्या मागून चालू लागतो. नंतर नंतर एखादं पात्र आलं की 'याचा डीमन कोणता?' हे आपण आपसूक शोधायला लागतो.

ही सवय लागलेली असते, म्हणूनच उत्तरेतला तो प्रसंग इतका भयंकर होतो. इओरेक नावाच्या चिलखती अस्वलाच्या पाठीवर बसून लायरा रात्रीची एका गावात पोचते. मासे वाळवायच्या झोपडीत एक मुलगा अंग चोरून बसलेला असतो. टोनी माकारिओस. पळवून नेलेल्या मुलांपैकी एक. त्याचा डीमन त्याच्यापासून कापून तोडलाय, आणि त्याने एक वाळलेला मासा छातीशी घट्ट धरलाय. बस, एवढंच. लायराला मळमळतं, पळून जावंसं वाटतं, तरी ती त्याला सोबत आणते. तळावरची धट्टीकट्टी माणसंसुद्धा त्याला बघून मागे सरतात. तो जगत नाही. नंतर लायरा त्याला बघायला जाते तर मासा गायब. कुणीतरी तो कुत्र्यांना घातलेला असतो. लायरा अशी काही भडकते की वाचताना माझेही हात थरथरले होते. मग ती स्वतःजवळचं एक सोन्याचं नाणं काढते, मागून घेतलेल्या सुरीच्या टोकाने त्यावर टोनीच्या डीमनचं नाव कोरते आणि ते त्याच्या तोंडात ठेवते. तिच्या कॉलेजच्या तळघरात मेलेल्या विद्वानांच्या कवट्यांमध्ये त्यांच्या डीमनची नाणी असतात. तोच मान ती या रस्त्यावरच्या पोराला देते. किशोरांसाठी लिहिलेल्या कादंबरीत मृत्यूचा इतका आदर मी दुसरीकडे वाचलेला नाही.

'नॉर्दर्न लाइट्स' आणि त्यापुढच्या दोन पुस्तकांवरची बीबीसी आणि एचबीओची 'हिज डार्क मटेरियल्स' ही मालिका २०१९ मध्ये आली, तेव्हा मी या प्रसंगाची वाट बघत होते. झोपडीत टोनीच्या जागी बिली कोस्टा हा पळवलेला दुसरा मुलगा निघाला. बदल मला पटतो. बिलीची आई आपण आधीपासून बघत असतो, आणि तिच्या मांडीवर तो जातो तेव्हा शेजारी बसलेली माझी धाकटी बहीण ढसाढसा रडली. तिने पुस्तक वाचलेलं नव्हतं. पण ती रडली ती मूल गेलेल्या आईसाठी. डीमन तोडणं म्हणजे काय, ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही, कारण मासाच नव्हता. मी त्याच रात्री तिला पुस्तकातलं ते प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं. ती कितीतरी वेळ काही बोलली नाही.

मासा हा एक तपशील. खरी उणीव त्याआधीची आहे. पहिल्या सीझनमध्ये माणसांनी भरलेल्या खोलीत मोजके प्राणी दिसतात. त्यातली अडचण मला कळते. चित्रीकरणात कलाकारांसमोर बाहुल्या नाचवायच्या, मग प्रत्येक प्राणी संगणकावर घडवायचा, हे खर्चाचं आणि वेळखाऊ काम. लेखकाला मात्र डीमनने कान टवकारले एवढं लिहिलं की झालं. पण घोळक्यात निम्म्या माणसांचे डीमन दिसतच नसतील, तर डीमन नसलेला मुलगा बघून अंगावर काटा यायचा कसा?

दुसऱ्या पुस्तकात येणाऱ्या विल या आपल्या जगातल्या मुलाला पहिल्याच सीझनमध्ये आणणंही मला आवडलं नाही. दुसरं पुस्तक उघडल्यावर एकदम आपलं जग समोर येतं, तो धक्का त्यामुळे गेला. लायराचा मित्र रॉजर, त्याचा शेवट मात्र मालिकेने टाळला नाही, याचं समाधान आहे. याच पुस्तकावरचा २००७ चा चित्रपट त्याच्या अलीकडेच थांबला होता.

आणि मिसेस कोल्टर, लायराची आई आणि मुलं पळवणाऱ्यांची म्होरकी! रूथ विल्सनने जे केलंय ते पुस्तकाच्याही पुढे गेलंय, हे मी पुलमनची कट्टर वाचक असून म्हणते. तिचा डीमन असलेल्या सोनेरी माकडाला पुस्तकात नाव नाही. मालिकेत ते माकड आणि ती एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत, आणि दोघांमधलं वैर नुसत्या नजरेतून कळतं. दुसऱ्या सीझनमध्ये ती आपल्या जगातल्या मेरी मलोन या शास्त्रज्ञ बाईला भेटायला जाते, तेव्हा माकडाला घरी ठेवून एकटीच निघते. मुलांवर जे पातं चालवलं जातं, तेच तिने स्वतःवर मनातल्या मनात कधीच चालवून घेतलंय, हे मला तिथे समजलं. पुस्तक वाचताना मी तिला घाबरत होते. इथे पहिल्यांदा तिची कीव आली.

तिसऱ्या सीझनमध्ये मृतांच्या प्रदेशात जाण्यासाठी लायराला पॅनला, म्हणजे तिच्या डीमनला, किनाऱ्यावर सोडावं लागतं. पुस्तकातलं ते पान मला फार वेळा वाचवत नाही, आणि मालिकेत डॅफ्नी कीनने ते तितक्याच ताकदीने केलंय. बहीण या वेळी पॅनसाठी रडली, कारण तीन सीझन तो तिच्या डोळ्यांसमोर होता, लायराच्या खांद्यावर, कॉलरपाशी, उशाशी. बिलीच्या डीमनलाही तेवढी जागा मिळाली असती, तर त्या झोपडीतही हेच झालं असतं.