उरलेली पानं

दुसऱ्या सत्राचा शेवटचा पेपर एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात कधीतरी संपतो आणि निकाल हातात पडतो १ मे रोजी, झेंडावंदन आटोपल्यावर. मधे चार-पाच दिवस उरतात. शाळा सकाळची. सातला घंटा, अकराच्या आत पोरं घरी, कारण त्यानंतर कौलांखाली बसवत नाही. फळ्यावरची तारीख रोज बदलते, हजेरी लागते, पुस्तक मात्र कुणी उघडत नाही. मालवणी मुलखातली शाळा असेल तर पहिल्याच सकाळी मागच्या रांगेतून विचारणा होते, "बाई, पेपर संपले मा? मग आता काय लिवचा?"

प्रश्न रास्त आहे. गुण आता वाढणार नाहीत की कमी होणार नाहीत. पहिली-दुसरीला आकारिकचे (वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाचे) ७० आणि संकलितचे (सत्राअखेरच्या परीक्षेचे) ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, अशी वाटणी केव्हाच होऊन बेरजा तक्त्यात चढलेल्या असतात. अशा वेळी बहुतेक ठिकाणी रंगकामाचे कागद वाटले जातात, एक फोटो निघतो, तो गटावर जातो आणि दिवस 'उपक्रम' या नावाखाली जमा होतो. पोरांना हे लगेच कळतं. ज्या कामाचा काही उपयोग नाही ते काम दहा वर्षांच्या मुलाला तीन मिनिटांत ओळखू येतं. उपयोगाचं काम दिलं, तर तेच मूल घंटा झाली तरी उठत नाही.

उपयोगाचं काम शोधायला लांब जावं लागत नाही. दप्तरात हात घालायचा. शंभर पानी वह्या संपत आलेल्या असतात, पण संपलेल्या नसतात. मागची पाच-दहा पानं कोरी असतात आणि जूनमध्ये नवी वही येते म्हणून ही जुनी वही पानांसकट रद्दीत जाते. ती पानं काढून नवी वही शिवायची. ऐकायला सोपं वाटतं. पहिली अडचण पिना काढल्याबरोबर दिसते. मधे पिन मारलेल्या वहीत प्रत्येक कागद दुमडलेला असतो, त्यामुळे शेवटच्या पानाचं जोडपान म्हणजे अगदी पहिलं पान, आणि ते तर जूनमध्येच भरलेलं. पृष्ठ १ ची जोडी १०० शी, ३ ची ९८ शी, ५ ची ९६ शी. बेरीज दर वेळी १०१. हा शोध पोरांना स्वतः लागू द्यावा. मग कोरी पानं सुटीच निघणार, हेही कळतं, आणि मधे दुमडून शिवायचा बेत आपोआप रद्द होतो.

सुट्या पानांना कडेची शिलाई. पानं आधी वेगळी लावायची: एकेरी, दुरेघी, चाररेघी, चौकटी. ढीग लावता लावता तिसरीतली मुलं फळ्यावर चित्रालेख काढतात. एक चौकोन म्हणजे १० पानं. पट १८ चा, प्रत्येकाच्या ४ वह्या, वहीमागे ६ पानं धरली तर ४३२ होतात. २४ पानांची एक वही केली की बरोबर १८ वह्या. असा हिशेब पुस्तकातच येतो. खरोखर मोजली की ४०७ भरतात, सोळा वह्या होतात आणि २३ पानं उरतात. सतरावीला एक पान कमी आणि अठराव्या मुलाला काहीच नाही. बाकी उरणे म्हणजे काय, हे त्या दिवशी कुणाला समजावावं लागत नाही. कुणी म्हणतं २२ पानांच्या करूया. कुणी आधी त्याचा गुणाकार करून बघतं: १८ गुणिले २२ म्हणजे ३९६, चालतंय, ११ उरतात. ती अकरा कुणाची यावर भांडण. होऊ द्यावं.

शिवताना ढीग ठोकून एकसारखा करायचा, फाटकी कड डावीकडे घ्यायची आणि कपड्यांचे दोन चिमटे लावायचे. कडेपासून दीड सेंटिमीटरवर तीन खुणा. भोकं दाभणाने मोठ्यांनीच पाडावीत. खाली जुनी चप्पल ठेवली की दाभण तिच्यात रुततं आणि निसटत नाही. तीसपेक्षा जास्त पानं एकदम घेतली तर दाभण तिरपं जातं. समोरून रांग सरळ दिसते, मागून वाकडी. दोरा वहीच्या उंचीच्या चौपट घ्यायचा. मधल्या भोकातून मागून पुढे, वरच्यातून पुढून मागे, मागच्या बाजूने खालच्या भोकापर्यंत, तिथून पुढे, परत मधल्यातून मागे, आणि दोन टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ. एक टोक या अंगाला आणि एक त्या अंगाला आलं नाही तर गाठ टाका धरत नाही, सरकते. दर वेळी दोन-तीन जणांचं हे चुकतंच आणि त्यांना उसवून परत शिवायला लागतं.

पुठ्ठ्यासाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेची जानेवारी ते मार्चची पानं घ्यावीत. कागद जाड असतो, फुकट असतो आणि त्याच्यावर तिथ्या छापलेल्या असतात. तिथ्यांचा उपयोग लगेच पुढे आहे.

किनाऱ्यावरच्या घरात भरतीची वेळ घड्याळात नव्हे, तिथीत सांगतात. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीचा तास निघतो. चतुर्थीला चार पाऊणे तीन (चार गुणिले पाऊण बरोबर तीन), म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला पाणी चढून असणार. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून एक. पावकी-निमकी-पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे, शाळेतून कधीच गेल्या, पण होडी काढणाऱ्या आजोबांच्या तोंडी पाऊणकी अजून असते. चौथीच्या मुलाने अपूर्णांकांच्या धड्यात केक आणि पोळ्या कापलेल्या असतात. 'पाऊण' म्हणजे समुद्र कधी येणार ते सांगणारी गोष्ट आहे, हे तिथे छापलेलं नसतं.

आता या नियमाची गंमत. नव्या वहीत पंधरा ओळी आखून प्रत्येक तिथीची वेळ काढायला सांगावी. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदा, एक पाऊणे पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. इतके दिवस रोज ४५ मिनिटांनी पुढे सरकणारी भरती एका रात्रीत दीड तास उडी मारते. समुद्र अशी उडी मारत नाही. मग चूक कुठे? ४५ च्या जागी ४८ मिनिटं घेऊन बघायचं: १५ गुणिले ४८ बरोबर ७२० मिनिटं, म्हणजे नेमके बारा तास, आणि उडी नाहीशी. पाऊणकी खोटी नाही, तोंडी हिशेबाला सोपी म्हणून घेतलेली आहे. पंधरवड्याअखेर पाऊण तास मागे पडते एवढंच. शिवाय बंदरागणिक वेळ थोडी पुढेमागे होते. खाडीत आत असलेल्या गावाला पाणी उशिरा पोहोचतं. म्हणून वहीत दोन रकाने हवेत, 'काढलेली वेळ' आणि 'पाहिलेली वेळ'.

या हिशेबावर किनाऱ्याची फेरी ठरवता येते, आणि ती शनिवार बघून नव्हे, तिथी बघूनच ठरवावी. सकाळच्या शाळेला सोयीची म्हणजे तृतीया किंवा चतुर्थी. तृतीयेची भरती सव्वादोनला, म्हणून सुकती, म्हणजे ओहोटी, साधारण सहा तास आधी, सकाळी आठच्या आसपास. उधाणाचा जोर पुनवेनंतर एक-दोन दिवस टिकतो, त्यामुळे पाणी लांबपर्यंत मागे जातं. अष्टमीला नेलं तर सुकती बाराला, उन्हात. आणि तो भांग, पाणी धड येत नाही की धड जात नाही. पुनवेला सकाळभर पाणी चढतंच असतं. बरोबर दोन मोठी माणसं, त्यातलं एक गावातलं आणि किनारा ओळखणारं. मुलांच्या जोड्या, जोडीने हजेरी, आणि घोट्याच्या वर पाणी नाही.

मोजायला दोरी लागते. पहिल्यांदा सगळेच दर मीटरला गाठ मारतात आणि गाठी दोरी खातात. दहा मीटरची दोरी साडेनऊवर येते. गाठीऐवजी रंगीत चिंधी बांधावी. सुतळी भिजली की आखडते, म्हणून होडीवरची नायलॉनची दोरी बरी, ती दर दोन घरांआड मिळते. दोरी पाण्यापासून वर सुक्या वाळूपर्यंत ताणायची आणि दर दोन मीटरवर एक मीटर चौरसाची काठ्यांची चौकट ठेवून आतलं मोजायचं: तिसऱ्या आणि खुबे (हे शिंपल्यांतले जीव), कुर्ल्यांची बिळं, प्लास्टिक. इथे मोजणी हमखास दुप्पट होते, कारण तिसरीची दोन शिंपलं वेगळी पडलेली असतात आणि पोरं दोन मोजतात. प्राणी एकच होता. मग दोनाने भागायचं का? पण सगळीच शिंपलं जोडीने सापडत नाहीत. सातवीच्या वर्गालाही यावर पक्कं उत्तर देता येत नाही, आणि न दिलेलं बरं. जिवंत खुबा उचलला तर होता तिथेच परत ठेवायचा.

पाण्याच्या कडेला दर दहा मिनिटांनी काडी रोवायची, हे करून बघण्यासारखं, पण ऐन सुकतीला सुरू केलं तर फसतं. पाणी फिरायच्या वेळी अर्धा तास जवळपास थांबल्यासारखं असतं आणि पोरं कंटाळून वाळूत किल्ले करायला लागतात. वेग मधल्या दोन तासांत. साडेसातला पोहोचून दहाला निघालं, तर शेवटच्या काड्यांमधलं अंतर वाढलेलं डोळ्यांना दिसतं.

याच दिवसांत शाळापूर्व तयारीचा मेळावा असतो, जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी. त्यात चौथीच्या मुलांना टेबलावर बसवावं. लहानग्यांशी ती शिक्षकांपेक्षा चांगलं बोलतात. फक्त वर्गीकरणाला चिंचोके देऊ नयेत. ते नाकात जातात. मोठी शिंपलं, बांगड्या, नारळाच्या करवंट्या बऱ्या.

बियांचं मात्र घाईचं काम आहे. फणसाची आठळी वाळली की मरते. महिनाभर डब्यात ठेवून जूनमध्ये पेरली तर बहुतेक उगवत नाही, आणि मुलांना वाटतं आपलंच काही चुकलं. चिंचोका वर्षभर थांबतो, आठळी थांबत नाही, हा फरक सांगून ती फणस फोडल्यावर लगेच पेरायला लावावी. काजूची बी पाण्यात टाकून तरंगणाऱ्या बाजूला काढायच्या, बुडालेल्या घ्यायच्या. पेरताना देठाकडची बाजू वर आणि बी किंचित तिरपी. बी दातांनी फोडायची नाही. काजू बिब्ब्याच्याच कुळातला, त्याच्या टरफलातलं तेल तसंच उततं, ओठ सुजतो. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्यांना तळाशी चार-पाच भोकं. तांबडी माती, शेणखत आणि वाळू सारखी, पण वाळू नदीची किंवा वहाळाची. शाळा किनाऱ्यावर असली की समोरची वाळू फुकट दिसते, आणि तिच्यातलं मीठ रोप मारतं. पिशव्या शाळेत ठेवल्या तर मे महिन्यात पाणी कोण घालणार? म्हणून पिशवी घरी, आणि वहीत पेरल्याची तारीख, कोंब दिसल्याची तारीख, पानं किती.

प्रगतिपुस्तकात 'विशेष प्रगती', 'आवड व छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' असे रकाने असतात. ते बहुधा पेपर तपासताना भरून होतात, त्यामुळे चौघांपैकी तिघांचा छंद 'चित्रकला' निघतो. निदान छंदाचा रकाना तरी या दिवसांपर्यंत रिकामा ठेवावा. उसवलेली शिलाई न कुरकुरता तिसऱ्यांदा घालणारं मूल, चौकटीतली शिंपलं जोडीने लावून पाहणारं मूल, ४५ चे ४८ करून बघा असं म्हणणारं मूल, ही पेपरात दिसत नाहीत.

१ मे ला निकाल घरी जातो तो उघडून, सगळ्यांना दाखवत. शिवलेली वही दप्तरात तळाशी. तिच्यात सुट्टीतल्या तिथ्यांची ओळ मे महिन्यापासून शाळा उघडण्याच्या दिवसापर्यंत आखलेली असते. प्रत्येकीसमोर गुणाकार करून ठेवलेला आहे. 'पाहिलेली वेळ' हा रकाना तेवढा कोरा.