पर्समध्ये मावतं, एवढंच

बाईला स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घ्यायचंय म्हटलं की सल्ला देणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास डेरिंजरचं नाव काढतो. इवलंसं, एकावर एक दोन नळ्या, पर्समध्ये सहज मावणारं. "तुमच्या हाताला हेच बरं पडेल." मी नेमबाजी करते, बहुतेक सगळी एअर पिस्तुलावर, आणि माझे हात खरोखरच लहान आहेत. पिस्तूल लहान म्हणजे ते लहान हाताला सोपं, हा समज ज्याने पसरवला त्याने ते स्वतः कधी धड चालवलेलं नसावं.

वस्तू म्हणून मला डेरिंजर आवडतं, हे आधीच सांगून टाकते. त्याची घडण बघत बसावी इतकी नेटकी असते. पण ती आवड बाजूला ठेवून प्रश्न विचारला, की अंगावर कुणी चालून आलं तर हे कामाला येईल का, तर माझं उत्तर: फार क्वचित, आणि जवळ बाळगायला दुसरं काही शक्यच नसेल तर.

मूळ डेरिंजर फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर या कारागिराचं. एकच नळी, एकच गोळी, तीही नळीच्या तोंडातून दारू आणि शिसं ठासून भरायची. ही पिस्तुलं बऱ्याचदा जोडीने विकली जायची, कारण एक बार फुकट गेला किंवा उडालाच नाही तर हातात नुसता लाकडाचा दस्ता उरायचा. गिऱ्हाइकाला दीडशे वर्षांपूर्वी जे कळत होतं ते आज जाहिरातींना कळत नाही.

यातलं सगळ्यात कुप्रसिद्ध पिस्तूल वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरच्या संग्रहालयात आहे. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री जॉन विल्क्स बूथने त्यातून अब्राहम लिंकनवर गोळी झाडली. मागून, हाताच्या अंतरावरून, नाटक चालू असताना. डेरिंजरच्या ताकदीचा दाखला म्हणून ही घटना सांगणारे लोक पुढचा भाग विसरतात. गोळी झाडल्यावर त्याच बॉक्समध्ये बसलेला मेजर रॅथबोन बूथवर धावून गेला. त्या क्षणी बूथच्या हातातलं पिस्तूल निकामी होतं. ते टाकून त्याने सुरा काढला आणि रॅथबोनचा हात कापला. म्हणजे हल्ल्यासाठी डेरिंजर आणि स्वतःचा बचाव करायची वेळ आली तेव्हा सुरा.

माझा सगळा मुद्दा यातच आला. वेळ, जागा आणि अंतर ज्याच्या मर्जीने ठरतं त्याला एक गोळी पुरते. ज्याच्यावर हल्ला होतो त्याच्या मर्जीने यातलं काहीच ठरत नसतं.

दोन नळ्यांचं जे रूप आपल्याला जुन्या काउबॉयपटांतल्या जुगाऱ्यांच्या बाहीत दिसतं, ते रेमिंग्टन कंपनीचं. १८६६ ते १९३५, इतकी वर्षं ते बनत राहिलं आणि जवळपास दीड लाख नग विकले गेले. घोडा (काडतुसाला ठोका देणारा मागचा भाग) एक, चाप (बोटाने दाबायचा) एक, पण दर वेळी घोडा चढवला, म्हणजे मागे ओढून अडकवला, की आतली फायरिंग पिन, म्हणजे तो ठोका काडतुसापर्यंत पोचवणारी सुई, वरच्या नळीवरून खालच्या नळीवर किंवा खालून वर सरकते. हे झालं कौतुक. आता गोळी. त्याचं काडतूस ०.४१ शॉर्ट रिमफायर (हा आकडा गोळीच्या साधारण जाडीचा, इंचात), गोळी साधारण साडेआठ ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे १३० मीटर. माझ्या दहा मीटरच्या स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा छर्रा याहून जोरात जातो! छर्रा अर्ध्या ग्रॅमचा असतो, त्यामुळे मार दोन्हींचा सारखा नाही, हे उघड आहे. ती गोळी जीव घेऊ शकते आणि तिने घेतलेही आहेत. पण जीव घेणं आणि अंगावर येणाऱ्या माणसाला त्याच क्षणी थांबवणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. स्वसंरक्षणात दुसरीच हवी असते.

"आता तशी काडतुसं कोण वापरतं," असं कुणी म्हणेल. बरोबर. आजची डेरिंजर ०.३८ स्पेशल, नऊ मिलिमीटर, ०.४५ कोल्टसुद्धा पचवतात. टेक्सासच्या बाँड आर्म्स या कंपनीची तर त्याच नळीतून ०.४१० ची शॉटगनची काडतुसंही चालवतात. गोळीचा प्रश्न सुटला, पण तो सगळा भार हातावर आला.

रेंजवर आमच्या सरांनी मला एक आधुनिक डेरिंजर चालवायला दिलं होतं, ०.३८ चं. पहिली अडचण मूठ. माझ्या लहान पंज्याचीसुद्धा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही लोंबकळत राहिली. म्हणजे पिस्तूल धरलं जातं ते अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटावर. मग घोडा चढवायचा. स्प्रिंग इतकी ताठ की अंगठ्याचं पेर पुरत नाही, अंगठा मुळापासून वापरावा लागतो, आणि तसं केलं की पकड सुटते. घोडा चढला की पिस्तूल हातात पुन्हा नीट बसवायचं. मग चाप. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या चापाला नियमाप्रमाणे किमान ५०० ग्रॅमचा जोर लागावा लागतो. माझ्या बोटाला त्याची सवय. इथे तीन किलोच्या पुढचा मामला. त्यातून तो सरळ मागे ओढला तर अडून बसल्यासारखा वाटतो, मागे आणि थोडा खाली दाबावा लागतो. दाबता दाबता नळीचं तोंडही खाली जातं. माझी पहिली गोळी कागदाच्या खालच्या कडेला लागली, तेही एखाद्या छोट्या खोलीच्या लांबीइतक्या अंतरावरून. झटका तळहातात असा बसला की दुसऱ्या गोळीआधी मी हात झटकला. सर हसले नाहीत, फक्त म्हणाले, "आता डावा हात पाठीमागे घे आणि पुन्हा कर."

ते का म्हणाले हे लगेच कळलं. अंगावर आलेल्या माणसाला ढकलायला, तोंडावरचा वार अडवायला, लेकराला मागे ओढायला एक हात आधीच गुंतलेला असतो. उरलेल्या एका हाताने घोडा चढवणं, पकड सावरणं, चाप दाबणं, आणि हे सगळं घामाने ओल्या बोटांनी. दुसऱ्या गोळीसाठी पुन्हा पहिल्यापासून. शांत रेंजवर, कानाला मफ लावून, मला ते नीट जमलं नाही. दोन गोळ्याच असतात म्हणून लोक डेरिंजरला नावं ठेवतात, पण माझ्या मते त्या दोन वेळेत झाडता येतील का, हा आधीचा प्रश्न आहे.

घोडा चढवायला नको म्हणून नुसता चाप दाबून चालणारी डेरिंजरही निघाली. हाय स्टँडर्डचं ०.२२ चं १९६२ पासूनचं मॉडेल त्यातलंच, चपटं आणि सुरेख. पण घोड्याचं सगळं काम चापावर पडल्याने चाप आणखी जड. शिवाय ०.२२ ची काडतुसं रिमफायर, म्हणजे पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला. मसाला बुडाच्या मधोमध असलेल्या सेंटरफायर काडतुसांपेक्षा ती जास्त वेळा दगा देतात. दहा गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये एक काडतूस फुसकं निघालं तर चिडचिड होते. इथे निम्मा दारूगोळा गेला.

आणि ज्या लहान आकारासाठी हे सगळं सोसायचं, तो तरी उरलाय का? बाँड आर्म्सचं नेहमीचं पोलादी डेरिंजर साधारण साडेपाचशे ग्रॅम भरतं. रूगरचं एलसीपी हे २००८ साली आलेलं खिशातलं पिस्तूल त्याच्या निम्म्या वजनाचं, जाडीला कमी आणि सात गोळ्यांचं. स्मिथ अँड वेसनचं ६४२ हे पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्वर सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. १८६६ साली खिशात मावणारं दुसरं फारसं काही नव्हतं, तेव्हा डेरिंजर घेणारा शहाणाच म्हणायचा. आज त्याच खिशात जास्त सोयीच्या वस्तू मावतात. हलकं डेरिंजर घ्यावं तर झटका आणखी वाढतो. वजन कमी करून मार तोच ठेवायचा, तर उरलेलं सगळं मनगटाने झेलायचं.

पुन्हा भरण्याबद्दल फार लिहीत नाही. खटका सोडा, नळ्या वर उचला, अर्धवट बाहेर आलेल्या रिकाम्या पुंगळ्या नखाने ओढून काढा, नव्या घाला, मिटवा. मारामारी तोवर संपलेली असते, या नाहीतर त्या बाजूने.

डेरिंजरच्या बाजूनेही दोन गोष्टी आहेत. ऑटोमॅटिक पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ओढायला ज्यांच्या मनगटात जोर नाही त्यांना डेरिंजरमध्ये ती कटकट नाही. दुसरं, झटापटीत नळीचं तोंड समोरच्याच्या अंगाला टेकलं तर ऑटोमॅटिकची स्लाइड मागे ढकलली जाऊन पिस्तूल अडू शकतं. डेरिंजर अडत नाही. फक्त हे दोन्ही फायदे छोट्या रिव्हॉल्वरमध्येही आहेत, आणि तिथे गोळ्या पाच.

माझ्या भाचीने मध्यंतरी असल्याच एका डेरिंजरचा फोटो पाठवून विचारलं होतं, "मावशी, हे घेऊ का? क्यूट आहे." मी तिला आधी विचारलं, तुझ्या इथला कायदा काय म्हणतो आणि हे बाळगून तू नेमकी कशापासून वाचणार आहेस. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. ते नसेल तर कुठलंच पिस्तूल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते ठरलं असेल तर रेंजवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली दोन-तीन प्रकार चालवून बघ, एका हाताने बघ, मग पैसे मोजायला जा, असं तिला सांगितलं. दुकानात काउंटरवर सगळीच हाताला छान लागतात.

एवढं वाचूनही कुणाला डेरिंजरच बाळगायचं असेल तर निदान पर्समध्ये किल्ल्या-कंगव्यात मोकळं टाकू नका. कित्येकांना चापाभोवती कडं नसतं. चाप झाकणारं होल्स्टर हवंच, आणि पर्सचा तो कप्पा दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही. घरात मुलं असतील तर पर्स हीच मुळी चुकीची जागा. मुलं पर्स उघडतातच.

आणि घरात वारशाने आलेलं जुनं रेमिंग्टन असेल तर वेगळीच काळजी. त्याच्या नळ्या उघडणाऱ्या बिजागरीचे कान तडकलेले असणं ही नेहमीची गोष्ट आहे. भिंग घेऊन पाहिलं तर केसासारखी रेघ दिसते. घोडा फायरिंग पिनवर टेकून राहत असल्याने भरलेलं पिस्तूल हातातून पडलं तर बार उडू शकतो. जाणकार कारागिराला दाखवेपर्यंत त्यात काडतूस घालू नका, आणि त्याने ठीक आहे म्हटलं तरी कपाटात रिकामंच ठेवा.